वाढते वय आणि कामाची जागा : धम्माच्या प्रकाशात एक विचार

प्रास्ताविक

वाचण्याच्या चष्म्याला आपल्या भाषेत 'चाळीशी' म्हणतात. चाळीस वर्षे उलटली की जवळचे अक्षर धूसर होते. ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना इतकी नेहमीची वाटली की त्यांनी वयाचेच नाव चष्म्याला देऊन टाकले. त्यात हिणवणे नव्हते. डोळे बदलले, चष्मा लावला आणि काम पुढे सुरू राहिले. परंतु त्याच भाषेत 'साठी बुद्धी नाठी' अशीही एक म्हण आहे. पहिला शब्द माणसाची अडचण ओळखून तिच्यावर उपाय देतो. दुसरी म्हण माणसालाच निकालात काढते. आपली कार्यालये, कारखाने, दुकाने आणि इस्पितळे या दोहोंपैकी कशाने चालतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमच्या मंडळाच्या सभासदांत बँक, रेल्वे, टपाल, महानगरपालिका, शाळा आणि कंत्राटी सुरक्षा सेवा अशा ठिकाणी काम करणारे बंधू-भगिनी आहेत. त्यांतील पुष्कळांनी पन्नाशी ओलांडली आहे. सन २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील लोकांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. त्यांच्यापैकी निवृत्तिवेतन मिळणारे थोडे आणि हातपाय चालतात तोवर राबणारेच फार. म्हणून या विषयाचा विचार निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना करून भागणार नाही. तो आधीच केला पाहिजे.

तथागतांची शिकवण

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा गृहस्थपुत्र सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवान बुद्धांनी त्याला त्या दिशांचा खरा अर्थ सांगितला. आईवडील, गुरुजन, पत्नी व मुले, मित्र, सेवक व कामगार आणि श्रमण या त्या सहा दिशा होत. त्यांत खालची दिशा म्हणजे आपल्या हाताखाली काम करणारी माणसे. या दिशेला हात जोडून भागत नाही. तिच्याविषयी कर्तव्ये पार पाडावी लागतात.

मालकाची पाच कर्तव्ये तेथे सांगितली आहेत. कामगाराच्या शक्तीप्रमाणे काम नेमून द्यावे. त्याला अन्न व वेतन द्यावे. आजारपणात त्याची शुश्रूषा करावी. घरात काही विशेष रुचकर झाले तर त्यात त्याला वाटा द्यावा. आणि वेळोवेळी त्याला सुटी द्यावी. यांतील पहिलेच कर्तव्य आजच्या विषयाचे मूळ आहे. 'यथाबल', म्हणजे बळ पाहून काम. येथे कमी काम द्यावे असे म्हटलेले नाही, आणि दया म्हणून बसवून ठेवावे असेही नाही. माणसाचे बळ कशात आहे ते पाहावे आणि त्याप्रमाणे काम नेमावे, एवढेच सांगितले आहे. पंचविशीतल्या तरुणाचे बळ पायांत असते, तर पंचावन्न वर्षांच्या माणसाचे बळ पुष्कळदा पारखण्यात असते. दोघांना एकच माप लावणे ही समता नव्हे.

दुसरे उदाहरण राध स्थविरांचे. राध हा म्हातारा, गरीब ब्राह्मण मुलांनी दुर्लक्षिलेला होता. तो विहारात राहून गवत काढी, झाडलोट करी, भिक्खूंना पाणी देई. भिक्खू त्याला जेवू घालीत, पण संघात घ्यायला तयार नव्हते. त्या दुःखाने तो खंगत गेला. भगवंतांनी भिक्खूंना विचारले, याने केलेला उपकार कोणाला आठवतो का? तेव्हा सारिपुत्त म्हणाले, याने एकदा मला आपल्या अन्नातून पळीभर भात वाढला होता. त्या एका पळीचे स्मरण ठेवून सारिपुत्तांनी त्याला प्रव्रज्या दिली आणि स्वतः शिकवले. राध सांगितलेले निमूटपणे ऐके, चूक दाखविली तर रागावत नसे. थोड्याच काळात तो अर्हत झाला. 'या वयात काय शिकणार?' या प्रश्नाला धम्माच्या परंपरेने दिलेले हे उत्तर आहे. त्यात लक्षात घेण्यासारखे दोन मुद्दे आहेत. राधाला शिकण्याची इच्छा होती, आणि सारिपुत्तांनी शिकवण्याचे कष्ट घेतले. या दोहोंपैकी एक जरी नसते तरी तो झाडलोटच करीत राहिला असता.

बाबासाहेबांचे कार्य

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर सन १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सन १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आले. शरीराला मर्यादा आहेत आणि त्या मर्यादांची दखल कायद्याने घेतली पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे. पुढे संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता यांत राज्याने साहाय्य करावे असे आले. ४२ व्या अनुच्छेदात कामाची परिस्थिती न्याय्य व माणुसकीची असावी असे आले.

बाबासाहेबांच्या वयाकडेही एकदा पाहावे. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले, तेव्हा ५८ वर्षांचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी धम्मदीक्षा घेतली व दिली, तेव्हा ६५ वर्षांचे. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने ते जर्जर झाले होते, तरीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी त्याच काळात सिद्धीस नेला. आज कार्यालयात ५६ वर्षांच्या माणसाला 'आता यांचे काय राहिले!' असे आपण सहज म्हणतो. तसे म्हणताना बाबासाहेबांचे छप्पन्नावे वर्ष डोळ्यांसमोर आणावे.

आम्ही केलेली चूक

आता एक अनुभव सांगतो. तो सांगताना आम्हास संकोच वाटतो, परंतु तो टाळला तर हा लेख कोरडा उपदेश होईल.

आम्ही पदवीनंतर एका बँकेत कारकून म्हणून लागलो. त्याच सुमारास, सन २०००-२००१ मध्ये, सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली. वय चाळीस किंवा सेवा पंधरा वर्षे झालेल्यांना ती खुली होती. देशभर एक लाखाहून अधिक कर्मचारी तीतून बाहेर पडले. आमच्या शाखेतीलही काही अनुभवी माणसे गेली. जे राहिले त्यांच्यापुढे काही वर्षांतच संगणकाची नवी प्रणाली आली. लेजर गेले, स्क्रोल गेले, पितळी टोकन गेले. सर्व शाखा एका तारेने जोडल्या गेल्या.

आमच्या शाखेत एक ज्येष्ठ सहकारी होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. शिपाई म्हणून लागून, दफ्तरी होऊन, रात्रशाळेत मॅट्रिक करून ते वयाच्या पंचेचाळिशीनंतर कारकून झाले होते. त्यांच्या घराण्यात टेबलामागच्या खुर्चीवर बसलेला तो पहिलाच माणूस. लेजरवर त्यांचे अक्षर मोत्यासारखे असे. संगणकावर मात्र एका बोटाने एकेक अक्षर शोधावे लागे. पडद्यावरचे बारीक आकडे त्यांना नीट दिसत नसत. काउंटरपुढे रांग वाढे, मागून लोक बोलत. एके दिवशी, पहिल्या आठवड्यातल्या पगाराच्या गर्दीत, आम्ही उठून त्यांच्यापुढचा कळफलक ओढून घेतला आणि म्हणालो, "काका, सरका, मी करतो." रांगेतले दोघेतिघे हसले. आम्हीही हसलो. काका उठले आणि रेकॉर्ड रूममध्ये गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यवस्थापकांना विनंती केली की मला पुन्हा दफ्तऱ्याचे काम द्या.

आम्हास तेव्हा वाटले होते की आपण मदत केली. वास्तविक वीस वर्षांच्या खटपटीने मिळवलेली खुर्ची आम्ही एका क्षणात त्यांच्याखालून काढून घेतली होती.

काही महिन्यांनी एक प्रसंग घडला. एका निवृत्तिवेतनधारकाच्या खात्यातून मोठी रक्कम काढण्यासाठी त्यांचा एक नातलग पैसे काढण्याची चिठ्ठी घेऊन आला. पडद्यावरच्या नमुन्याशी सही तंतोतंत जुळत होती. आम्ही ती मंजुरीला पाठवणार, एवढ्यात काका व्हाउचरांचा गठ्ठा नेण्यास आले. त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, "ही सही फार चांगली आहे. यांचा हात पक्षाघातानंतर थरथरतो. वर्षभरात यांनी अशी सही केलेली नाही." चौकशी केली. खातेदाराला त्या चिठ्ठीचा पत्ताच नव्हता. संगणकाने सही जुळवली होती. ती करणारा माणूस कोणत्या अवस्थेत आहे, हे मात्र काकांना ठाऊक होते.

त्यानंतर शाखेतील एका ज्येष्ठ भगिनींनी पुढाकार घेतला. त्या स्वतः पन्नाशीच्या होत्या आणि संगणक नुकताच शिकल्या होत्या. काम संपल्यावर अर्धा तास त्या काकांजवळ बसत. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पडद्यावरची अक्षरे मोठी करून दिली आणि दोनशे पानी वहीत प्रत्येक व्यवहाराच्या पायऱ्या काकांच्याच हाताने मराठीत लिहून घेतल्या. कोणता संकेत टाकायचा, कोणती कळ दाबायची, चुकले तर मागे कसे यायचे, हे सर्व त्या वहीत होते. कळफलकाला त्यांनी स्वतः कधी हात लावला नाही. दीड महिन्यात काका काउंटरवर परतले आणि साठाव्या वर्षी तेथूनच निवृत्त झाले. निरोप समारंभात आम्ही त्यांच्या गौरवाचे भाषण केले. क्षमा मात्र मागितली नाही. ती राहून गेली.

आज आम्ही स्वतः चाळीशीच्या उत्तरार्धात आहोत. मोबाइलवरील एखादी नवी सोय ग्राहकाला समजावताना आमचा हात अडखळतो, तेव्हा शेजारचा तरुण सहकारी म्हणतो, "काका, द्या इकडे." तो वाईट मुलगा नाही. आम्हीही नव्हतो. वाईट आहे ती सवय.

एक आक्षेप

येथे एक रास्त प्रश्न निघतो. आपल्या वस्त्यांत पदवीधर मुले बेकार बसली आहेत, मग म्हाताऱ्या माणसांना सांभाळून घेण्यात त्यांच्या जागा अडत नाहीत काय? हा प्रश्न आपल्या घराघरांत आहे, त्यामुळे त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

वर सांगितलेल्या स्वेच्छानिवृत्तीचेच पाहू. ती योजना मनुष्यबळ कमी करण्यासाठी होती. रिकाम्या जागा तरुणांना द्याव्यात हा तिचा हेतू नव्हता. जेथे म्हातारा जातो आणि त्याच्याबरोबर पदही जाते, तेथे तरुणाला काहीच मिळत नाही. पद गेले की त्यावरील आरक्षणही गेले. त्यानंतर तेच काम कंत्राटदारामार्फत निम्म्या पैशांत होते. तेथे आरक्षण नाही आणि उद्याची खात्रीही नाही. म्हणून म्हाताऱ्याला हाकलणे आणि तरुणाला घेणे या दोन गोष्टी एकाच तराजूत घालणे ही दिशाभूल आहे. निवृत्तीचे वय झाले की माणसाने आनंदाने उठावे, जागा सोडावी आणि ती जागा नियमाने भरली जावी यासाठी आपण झगडावे. परंतु त्या वयापर्यंत त्याला खुर्चीवर मानाने बसू द्यावे.

ज्यांना खुर्चीच नाही

बँकेच्या कारकुनाला निदान खुर्ची असते. आपल्यातील मोठा वर्ग असा आहे की ज्याला तीही नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. नंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि कितीतरी कुशल कामगार उतारवयात इमारतींच्या फाटकावर पहारेकरी झाले. ज्या हातांनी साचे चालवले, ते हात येणाऱ्या मोटारीला सलाम करू लागले. आजही बारा-बारा तास उभे राहणारे साठीचे पहारेकरी आपणास प्रत्येक रस्त्यावर दिसतात. बसण्याचा हक्क हीसुद्धा मागण्याची गोष्ट आहे. केरळने सन २०१८ मध्ये व तामिळनाडूने सन २०२१ मध्ये दुकानांतील कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले.

आणखी एक कायदा आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावा. सफाईचे, रुळांवरचे, यंत्रावरचे काम करताना वयाबरोबर दृष्टी, श्रवण किंवा पाय अधू होतात. कायद्याने ठरविलेल्या प्रकारचे अपंगत्व सेवेत असताना आले तर त्या कारणावरून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्यास कामावरून काढता येत नाही वा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या २० व्या कलमात तसे स्पष्ट म्हटले आहे. तो जुने काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. या आस्थापनांत महानगरपालिका व सार्वजनिक बँकाही येतात. अनेक कामगार हे ठाऊक नसल्यामुळे कोणी पुढे केलेल्या राजीनाम्यावर अंगठा देतात. कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नये, ही विनंती.

काय करता येईल

फार खर्च न करता करता येण्यासारख्या काही गोष्टी आम्ही येथे मांडतो.

१. कामाची वाटणी बळ पाहून करावी. जड गठ्ठे उचलणे, जिने चढणे, सलग उभे राहणे ही कामे तरुणांकडे द्यावी. कागदपत्रे पडताळणे, सही पारखणे, चिडलेल्या ग्राहकाला शांत करणे, नवख्याला रीत शिकवणे ही कामे अनुभवी माणसाकडे द्यावी. हे त्याला विचारून करावे, परस्पर ठरवू नये. न विचारता काढून घेतलेले काम हा अपमानच असतो.

२. प्रशिक्षण सर्वांना एकाच दिवशी, एकाच वेगाने देऊ नये. वयस्क माणसाला थोडे थोडे, पुन्हा पुन्हा आणि त्याच्या भाषेत शिकवावे. शिकवणारा शक्यतो त्याच वयाचा असावा. हात त्याचाच चालला पाहिजे. वही त्याच्याच अक्षरात असली पाहिजे.

३. उजेड पुरेसा असावा, पडद्यावरील अक्षर मोठे असावे, खुर्चीला पाठ असावी, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह जवळ असावे. मधुमेही माणसाला वेळेवर चार घास खाण्यास व वारंवार उठण्यास मोकळीक असावी. त्यावरून टोमणे नसावेत.

४. एक तरुण व एक वयस्क अशी जोडी लावावी. तरुणाने यंत्र शिकवावे, वयस्काने माणसे शिकवावीत. दोघेही गुरू आणि दोघेही शिष्य. यात कोणी उपकार करीत नाही.

५. वैद्यकीय तपासणीची रजा भीक मागितल्यासारखी मागावी लागू नये. आजारी कामगाराची शुश्रूषा हे सुत्तात मालकाचे कर्तव्य म्हटले आहे.

६. बोलण्याची भाषा सांभाळावी. 'म्हातारा', 'जुने खोड', 'आता कशाला त्रास घेता' हे शब्द थट्टेतही नकोत. सम्यक वाचा विहारापुरती नाही, ती कचेरीतही पाळायची आहे.

वयस्कांचेही कर्तव्य आहे. सिगालोवाद सुत्तात कामगारांचीही पाच कर्तव्ये आहेत, आणि काम उत्तम करणे हे त्यांत आहे. 'आमच्या वेळी असे नव्हते' हे पालुपद सोडावे. विचारण्यात कमीपणा मानू नये. मुलाच्या वयाच्या वरिष्ठाने चूक दाखविली तर राध स्थविरांची आठवण करावी. आणि वयाची सबब पुढे करून दुसऱ्यावर काम ढकलू नये, कारण त्यामुळे खरोखर थकलेल्या माणसावरचाही विश्वास उडतो.

समारोप

आमच्या मंडळासाठी एक सूचना करून हा लेख संपवितो. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक तास पंचेचाळीस वर्षांपुढील सभासदांसाठी संगणक व मोबाइलचा वर्ग सुरू करावा. शिकवणारी मुले-मुली आपल्याच वस्तीत आहेत. त्याच वेळी एका टेबलावर निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटीचे अर्ज भरून देण्याची सोय करावी. नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी वृद्धांची जी धावपळ होते तीही तेथे थोडी कमी होईल. त्या टेबलावर बसण्यास आम्ही तयार आहोत. शिकवणाऱ्या मुलांना मात्र एकच नियम सांगावा की समोरच्याच्या हातातील यंत्र ओढून घ्यायचे नाही. तो चुकेल, थांबेल, पुन्हा करील. तोपर्यंत आपण शेजारी बसून राहायचे.

काकांकडे जी क्षमा मागायची राहिली, ती या पानांतून मागत आहोत.

जयभीम!